पाहुणी ओळ

भाची: अठरावं पाकीट रिकामं आहे, मामा.

मामा: रिकामं कसं असेल? नीट बघ.

भाची: आत एक निळा कागद आहे. कोरा.

मामा: मग रिकामं कुठे? कागद आहे की.

भाची: बाकीच्या एक्कावन्न पाकिटांत कात्रणं आहेत. रेल्वेचा नवा पूल सुरू झाला, त्याची तीन. टपाल संपाची सात. कृषिमंत्र्यांनी राजीनामा दिला त्याची चार, परत घेतला त्याची चार, पुन्हा दिला त्याची दोन.

मामा: तोवर वर्तमानपत्रंही कंटाळली होती.

भाची: आणि अठराव्यात निळा कागद. त्याची ओळ वाचू? 'तीन मे. उत्तर किनाऱ्यावरील दीपगृहाच्या माथ्यावर घारीने घरटे केल्यामुळे दिवा एक आठवडा बंद ठेवण्यात आला.'

मामा: छान ओळ आहे.

भाची: मी सकाळी दीपगृह खात्याला फोन केला.

मामा: अगं, कशाला? बिचारी माणसं कामात असतात.

भाची: ती कामात नव्हती. ते दीपगृह बारा वर्षांपूर्वीच बंद झालंय म्हणाले. दिवा काढून नेला, आता तिथे दोरखंड ठेवतात.

मामा: अरेरे. एवढं तरी बघायला हवं होतं मी.

भाची: म्हणजे तू बनवलीस ही!

मामा: हळू. दार लाव आधी.

भाची: ऑफिसात आपण दोघंच आहोत.

मामा: तरी लाव. चौतीस वर्षांत ही गोष्ट मी दार उघडं ठेवून कधी बोललेलो नाही. हां. आता बस. ती पाहुणी आहे.

भाची: कोण?

मामा: ती ओळ. आपल्या वार्षिकीत 'वर्षभरात देशात' ही दोन पानं असतात, बावन्न ओळींची. त्यांतल्या एक्कावन्न घरच्या, एक पाहुणी. दरवर्षी. मागच्या गल्लीत ते दुसरे प्रकाशक होते ना, ते कोणाचीही यादी जशीच्या तशी उचलायचे. आता घटना काय, सगळ्या देशाच्या. त्यांच्यावर आपला हक्क कसा सांगणार? तेव्हा आपल्या मालकांनी, थोरल्या साहेबांनी, युक्ती काढली. एक घटना अशी घालायची, जी फक्त आपल्याकडेच घडली.

भाची: आणि त्यांच्या यादीतही ती सापडली, की चोरी उघड.

मामा: सहा वेळा पकडले त्यांना! शेवटी ते दुकान बंद करून त्यांनी चपलांचं टाकलं. उत्तम चालतं.

भाची: ते चपला विकायला लागून किती वर्षं झाली?

मामा: असतील वीस.

भाची: मग वीस वर्षं तू कोणाला पकडतोयस?

मामा: सवय गं.

भाची: आणि हे मला कधी सांगणार होतास? सहा महिने झाले मला संपादक होऊन.

मामा: एकतीस तारखेला. निवृत्त होताना, कपाटाच्या चाव्यांबरोबर. थोरल्या साहेबांनीही पहिल्या वर्षी मला असंच सांगितलं होतं, माझ्या एका हातात चाव्या ठेवून.

भाची: मामा, या वर्षीच्या प्रस्तावनेत मी काय लिहिलंय? 'या वार्षिकीतील प्रत्येक नोंद दोन स्वतंत्र पुराव्यांवर तपासलेली आहे.' माझी सही आहे त्याखाली. ते पान परवाच छापून झालं.

मामा: तू म्हणजे पाण्यात मीठ घालतानाही वजन करणारी. लिहिण्याआधी विचारायचंस.

भाची: काय विचारायचं? 'मामा, तू देशाबद्दल थापा मारतोस का?'

मामा: वर्षातून एक. तेवढ्या तर हवामान खातं एका आठवड्यात मारतं.

भाची: आता अडीच वाजलेत. पाचला पानं छापखान्यात जायची आहेत. मी दोन गोष्टी करणार आहे. ही घार उडवणार आहे. आणि शेवटचं पान कोरं आहे, तिथे शुद्धिपत्र छापणार आहे. आजवरच्या सगळ्या पाहुण्यांचं.

मामा: सगळ्या? तेहेतीस?

भाची: ही धरून चौतीस, ही छापायचीच नाही म्हणून तेहेतीस. दरवर्षीच्या पाकिटांचे खोके काढ.

मामा: संपादकबाई, माझा गुडघा.

भाची: गुडघा तुझा असू दे. तू सांग, मी काढते. हा कितवा?

मामा: एकविसावा. त्यातली मला आठवते. 'सार्वजनिक ग्रंथालयातील शंभर वर्षांचे कासव मरण पावले.'

भाची: हे खोटं आहे? अरे, मी स्वतः पाहिलंय ते कासव! वाचनकक्षाच्या दाराशी असतं.

मामा: ते नंतरचं. ग्रंथालयात कासव नव्हतंच. पण आपली वार्षिकी निघाली आणि त्यांना सांत्वनाची चाळीस पत्रं आली. शाळेतल्या मुलांनी चित्रं काढून पाठवली. ग्रंथपालबाई तरी किती जणांना नाही म्हणणार? शेवटी एक कासव आणलं त्यांनी.

भाची: मामा!

मामा: अजून आहे ते. चांगलं गुबगुबीत आहे.

भाची: हसवू नकोस मला. मी रागावलेली आहे. हा नववा खोका. निळा कागद एकतिसाव्या पाकिटात. 'नगरपालिकेच्या मनोऱ्यावरील घड्याळ एक तास उलटे चालले.'

मामा: ते त्यांच्या माहितीपुस्तिकेत गेलंय. पर्यटक येतात, फोटो काढतात. घड्याळ आता चालतच नाही, तरी येतात.

भाची: मी लिहून घेतेय. एक एक. तू फक्त ओळ सांगत जा. पाचवा?

मामा: मधमाश्या. संसदेच्या छपरावर.

भाची: चौथा?

मामा: पाऊस न पडताच इंद्रधनुष्य दिसलं, ती. ती जरा फसली. शास्त्रज्ञांची पत्रं आली.

भाची: तिसरा... हा निळा कागद. बुटक्या राजदूताचा? बरं. दुसरा खोका कुठे आहे?

मामा: त्याला वाळवी लागली.

भाची: खोके पत्र्याचे आहेत.

मामा: मग गंज.

भाची: तुझ्या खुर्चीखाली आहे. पाय ठेवलायस तू त्याच्यावर.

मामा: गुडघ्यासाठी.

भाची: उचल पाय. दुसरं वर्ष म्हणजे... हे माझं वर्ष. माझ्या जन्माचं.

मामा: हो का? असेल, असेल. ऐक, आपण आधी चहा घेऊ या का?

भाची: यातली सत्तेचाळिसावी ओळ मला पाठ आहे. 'सव्वीस नोव्हेंबर. दाट धुक्यामुळे प्रवासी फेरी खाडीच्या मध्यावर सव्वातीन तास अडकली. बोटीवर मुलीचा जन्म. माय-लेक सुखरूप.'

मामा: चहा मी करतो हवं तर.

भाची: चौथीत मी ही उभी राहून म्हणून दाखवली होती. वर्गात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तू अजून मला होडी म्हणतोस.

मामा: होडी, ऐक...

भाची: थांब. आधी बाकीची उघडते.

मामा: एक्कावन्न पाकिटं?

भाची: एकच रिकामं असतं ना? मग दुसरं कुठलं तरी रिकामं निघेल. एक, कात्रण आहे. दोन, आहे. तीन, आहे. तू चहा कर.

मामा: साखर संपलीय.

भाची: मग गप्प बस.

मामा: बसलो.

भाची: अठ्ठेचाळीस, आहे. एकोणपन्नास, आहे. पन्नास, दोन आहेत. एक्कावन्न. बावन्न. सगळ्यांत कात्रणं आहेत, मामा.

मामा: मग राहू दे ते एक. प्रत्येक पाकीट उघडलंच पाहिजे असा काही कायदा नाही.

भाची: निळा आहे.

मामा: हं.

भाची: माझ्याकडे बघणार नाहीस का तू? बरं. आईला फोन लावते. स्पीकरवर.

आई: बोल गं. थांब, तोंडात टाचण्या आहेत. हां, काढल्या. त्या बाईचा ब्लाउज आज द्यायचाय आणि बाही म्हणतेय मी बसतच नाही. काय झालं?

भाची: आई, मी कुठे जन्मले?

आई: तुझा मामा आहे का तिथे?

मामा: आहे, ताई.

आई: सापडला वाटतं कागद.

मामा: निळा.

आई: सांगितलं होतं तुला, जाळ म्हणून.

भाची: आई. कुठे?

आई: हॉस्पिटलात, बाळ. दुसरा मजला, खिडकीशेजारची खाट. मंगळवार, दुपारी एक वाजून दहा मिनिटं.

भाची: आणि धुकं?

आई: कसलं धुकं! कडक ऊन होतं. तोंडावर येत होतं म्हणून मी नर्सला पडदा ओढायला लावला.

भाची: बत्तीस वर्षं तू मला सांगितलं नाहीस.

आई: चौथीपर्यंत तू विचारलं नाहीस. मग तुझ्या बाईंनी फेरी कंपनीला पत्र लिहिलं, तुमच्या बोटीवर जन्मलेली मुलगी आमच्या शाळेत आहे म्हणून. त्यांचा पास आला. आजन्म, फोटोसकट. आठवडाभर तू तो गळ्यात घालून झोपलीस. मी सांगायला तोंड उघडलं की तू पास दाखवायचीस. मग म्हटलं, कॉलेजात गेली की सांगू. तर तू रोज फेरीनंच जायला लागलीस.

भाची: पण तू मला होडी कधी म्हणाली नाहीस. आत्ता लक्षात येतंय. सगळे म्हणतात. तू एकटी नाही.

आई: मला खोटं बोलता येत नाही. गप्प बसता येतं.

भाची: मामानं असं का केलं?

आई: त्यालाच विचार. बसला असेल पेन्सिल चावत.

मामा: मी चावत नाहीये.

भाची: चावतोय.

आई: तू सातव्या महिन्यात झालीस, बाळ. एक किलो तीनशे ग्रॅम. बोटीच्या धक्क्यानं लवकर झाली, असं हा सांगत आला, पण बोटच नव्हती तर धक्का कसला. काचेच्या पेटीत होतीस, एकोणीस दिवस. डॉक्टरांना विचारलं की म्हणायचे, उद्या बघू. माझे टाके ओले होते, मला खाली उतरू देत नव्हते. पेटीसमोर हाच बसायचा. बरं, मी ठेवते. बाही बसली वाटतं. तुम्ही दोघं भांडू नका, आणि भांडलात तर जेवून भांडा.

भाची: ठेवला तिनं.

मामा: तिचं असंच असतं. टाका घातला की दोरा तोडलाच.

भाची: सांग आता.

मामा: सांगण्यासारखं काय आहे. यादी दहा डिसेंबरला जायची होती. मी नवा, दुसरंच वर्ष. पाहुणी लिहायची राहिली होती. कात्रणं घेऊन तिथे बाकावर बसायचो आणि मधूनमधून बघायचो, ती पाठ वरखाली होतेय का. एवढीशी पाठ. आगपेटीएवढी.

भाची: बरं.

मामा: मग मनात आलं, ही राहिली नाही तर हिचं नाव कुठेच असणार नाही. अजून ठेवलंच नव्हतं. निदान कुठेतरी छापलेली असावी. वर्षातून एक ओळ माझ्या हातातली होती. म्हटलं, हिला देऊ.

भाची: मग बोट कशाला?

मामा: पण हॉस्पिटलात मुलगी झाली, ही काही देशातली घटना नव्हे. थोरल्या साहेबांनी उडवली असती. म्हणून बोट घेतली. नुसती बोट सपक वाटली, म्हणून धुकं.

भाची: आणि 'माय-लेक सुखरूप'?

मामा: तेव्हा तेही खोटंच होतं. जरा दाबून लिहिलं, इतकंच.

भाची: मला ते धुकं आठवतं, मामा.

मामा: अगं, जन्माचं कोणाला आठवतं?

भाची: मला कळतं ते. मेंदूत तेव्हा तेवढी तयारीच नसते. तरी मला आठवतं. पांढरं. आणि लांबून भोंगा.

मामा: भोंगा मी घातला नव्हता. तो तुझा.

भाची: फोन वाजतोय.

मामा: हॅलो. हो, फोरमनसाहेब. हो, पाच म्हणजे पाचच. नाही, नाही, गेल्या वर्षीसारखं नाही होणार. आता इथे संपादकबाई आहेत, घड्याळ लावून श्वास घेतात. हो. हो. ठेवतो. चार वाजले म्हणतोय तो.

भाची: माझ्या घड्याळात तीन अठ्ठावन्न.

मामा: हे बघ, मी काय म्हणतो, बत्तीसच छाप.

भाची: काय?

मामा: कासव सांग, घड्याळ सांग, मधमाश्या सांग, शिव्या मी खाईन. तुझी तेवढी वगळ. तिनं कोणाचं काय बिघडलंय? फेरी कंपनीला तर जाहिरातच झाली.

भाची: दुसऱ्यांच्या बत्तीस खोडू आणि माझी ठेवू?

मामा: पास जाईल.

भाची: जाऊ दे.

मामा: खाडीच्या दोन्ही काठांवर तुला बोटीवरची म्हणून ओळखतात. वाढदिवसाला कप्तान भोंगा देतो. तेही जाईल.

भाची: माहीत आहे रे मला. मोजून झालंय काय काय जाणार ते.

मामा: मग कशाला? मी तुला एक गोष्ट दिली होती. ती तू आज छापून परत करतेयस.

भाची: परत नाही करत. तपासतेय. कागद दे इकडे. पेन्सिल नको, ती ओली आहे. ऐक. 'दुसरी आवृत्ती, सव्वीस नोव्हेंबर. धुके पडले नव्हते. फेरी अडकली नव्हती.'

मामा: झालं. बुडवलीस बोट.

भाची: अजून संपलं नाही. 'मुलीचा जन्म झाला होता, ही नोंद बरोबर आहे. माय-लेक सुखरूप आहेत.'

मामा: आहेत?

भाची: आहेत. आजच्या तारखेला. एक आत्ता बाही शिवतेय, एक इथे बसलीय.

मामा: शुद्धिपत्रात कोणी असं लिहीत नाही.

भाची: चुकीचं तेवढंच खोडतात. बरोबर असलेलं कशाला खोडू?

मामा: दाखव जरा. हं. 'ही नोंद बरोबर आहे' नंतर अर्धविराम दे.

भाची: पूर्णविरामच राहील.

मामा: राहू दे. संपादक तू.

भाची: आता घारीची जागा भरायची. एक्कावन्नच ओळी उरल्यात, पान बावन्नचं आहे. खरं काहीतरी दे. दोन पुरावे असलेलं.

मामा: आहे एक. मीच बाजूला काढून ठेवलं होतं.

भाची: का?

मामा: कोणाला खरं वाटलं नसतं. हे बघ, तीन कात्रणं, वर वाहतूक पोलिसांच्या रोजच्या नोंदीची प्रत.

भाची: 'आठ सप्टेंबर. सार्वजनिक ग्रंथालयातील कासव दाराबाहेर पडून चौकात आले. वाहतूक अकरा मिनिटे खोळंबली.' मामा, हे ते...?

मामा: तेच. मेलेलं.

भाची: पण हे छापून वर शेवटच्या पानावर मी सांगणार, ग्रंथालयात कासव नव्हतं म्हणून.

मामा: तेव्हा नव्हतं. आता आहे. दोन्ही खरं. तुझ्या शास्त्रात चालतं ना असं?

भाची: तारखा घातल्या तर चालतं.

मामा: मग घाल तारखा. आणि चल, चार वीस झाले. छापखान्यात पानं टाकून साडेपाचची फेरी मिळेल.

(धक्क्यावरची तिकीटखिडकी. साडेपाचला पाच मिनिटं.)

मामा: दोन द्या.

खिडकीवाला: दोन? बाई येतायत ना? मग दुसरं कोणाला?

मामा: तिलाच.

खिडकीवाला: काय थट्टा करता! त्या आपल्या बोटीवरच्या. पास विसरल्या असतील तरी बसू दे त्यांना.

भाची: विसरले नाही. हा घ्या, जमा करून घ्या. मी हॉस्पिटलात जन्मले.

खिडकीवाला: असं कोण म्हणतं?

भाची: आई.

खिडकीवाला: मग काय बोलणार. पण फोटो तुमच्याकडेच ठेवा बाई, लहानपणीचा आहे. दोन वेण्या. हा निघाला बघा, गोंद जुना झालाय. आणि ही तिकिटं. सांभाळून जा, फळी ओली आहे.

मामा: दे, तो फोटो माझ्या खिशात ठेवतो.

भाची: मामा.

मामा: काय?

भाची: पलीकडचा काठ दिसत नाहीये. धुकं उतरतंय.

मामा: या खेपेला मी नाही हं.